क्रूसावरची लॅटिन अक्षरं

"तू ख्रिश्चन? पण मराठी किती छान बोलतोस रे!"

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी, होस्टेलवर. त्यानंतर प्रत्येक नव्या प्रोजेक्टवर एकदा तरी ऐकतोच. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. माझी आजी नगर जिल्ह्यातल्या खेड्यात वाढली, तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं आणि देवाशी ती आयुष्यभर मराठीतच बोलली, हे त्याला कुठून माहीत असणार? मी हसतो, थँक्यू म्हणतो. असो.

पण गंमत अशी की दुसऱ्या बाजूलाही सगळं आलबेल नाही. रविवारी रिलीज असलं आणि चर्च चुकलं की वडीलधारी मंडळी फोन करतात, "देवापेक्षा कंपनी मोठी झाली का?" दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हा सांत्वनाला आलेल्या एकांनी सांगितलं की प्रार्थनेत विश्वास कमी पडला असेल. म्हणजे माझा! त्यानंतर बरेच रविवार मी गेलोच नाही. ऑफिसात मी जरा जास्तच ख्रिश्चन आणि चर्चमध्ये पुरेसा ख्रिश्चन नाही, अशी ही अवस्था.

अशाच एका मोकळ्या रविवारी पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार वाचायला घेतला. शाळेत रमाबाई म्हणजे एका मार्काचा प्रश्न... शारदा सदन कोणी स्थापन केले? आमच्या घरी त्या म्हणजे भिंतीवरचा फोटो. दोन्हीकडे त्या संगमरवरी पुतळ्यासारख्याच. पत्रांमधली बाई मात्र पुतळा अजिबात नाही. चिडते, वाद घालते, टोमणे मारते, मग माफी मागते आणि पुन्हा वाद घालते.

आधी थोडी पार्श्वभूमी. रमाबाई डोंगरे यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलात. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे बायकोला संस्कृत शिकवण्याचा 'गुन्हा' केलेले गृहस्थ. सगळं कुटुंब पुराणं सांगत देशभर पायी फिरायचं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळाच्या वर्षांत आई, वडील आणि थोरली बहीण, तिघंही गेले. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या विशीतल्या मुलीचं संस्कृत ऐकून तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने नवरा गेला. वय तेवीस, कडेवर तान्ही मुलगी, माहेर नाही, सासर नाही.

त्या पुण्याला आल्या. त्याच वर्षी आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिलं, हंटर कमिशनपुढे स्त्रियांच्या शिक्षणाबद्दल साक्ष दिली. हे सगळं एका वर्षात! डॉक्टर व्हायचं मनात घेऊन १८८३ मध्ये त्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज या गावी अँग्लिकन सिस्टरांच्या मठात उतरल्या. ऐकू कमी यायचं म्हणून डॉक्टरकीचं स्वप्न तिथेच संपलं. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीने तिथेच आत्महत्या केली. आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

का घेतला, यावर पुण्यात तेव्हा तर्कांचं पीक आलं. पैशासाठी, शिक्षणासाठी, फसवलं म्हणून. रमाबाईंनी पुढे १९०७ मध्ये स्वतःची साक्ष लिहिली, त्यात त्यांचं उत्तर आहे. नवऱ्याच्या घरी त्यांना लूककृत शुभवर्तमानाचं बंगाली पुस्तक सापडलं होतं, तेव्हापासून विचार चालू होता. पण निर्णायक ठरली ती लंडनमधल्या फुलहॅमची भेट. समाजाने 'पतित' ठरवलेल्या बायकांना तिथल्या सिस्टर जवळ करत होत्या, त्यांची सेवा करत होत्या. हे कशाच्या बळावर, असं रमाबाईंनी विचारलं तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली गेली. नवरा मेला की बाईनेच त्याला खाल्लं, असं मानणाऱ्या समाजातून आलेली ही विधवा. तिला ती गोष्ट कशी ऐकू आली असेल याची कल्पना आपण करू शकतो.

इथे आमच्या चर्चमधली गोष्ट संपते. माझ्यासाठी ती इथून सुरू झाली.

वाँटेजमध्ये सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना पत्रात प्रेमाने 'आजीबाई' म्हणत. आता आजीबाईंची अपेक्षा साधी होती. नवा विश्वास घेतला की त्याबरोबरची पूर्ण व्यवस्थाही घ्यायची. आमच्या भाषेत सांगायचं तर पूर्ण पॅकेज इन्स्टॉल करायचं, 'आय ॲग्री' दाबायचं, अटी वाचत बसायचं नाही. रमाबाई मात्र प्रत्येक अट वाचायला बसल्या. :)

त्रैक्याची शिकवण त्यांच्या बुद्धीला पटेना. तसं त्यांनी लेखी कळवलं. आपण ख्रिस्ताचा स्वीकार केलाय, एखाद्या पंथाचा नाही, पाद्री आणि बिशपांच्या तोंडून आलेला प्रत्येक शब्द आपल्यावर बंधनकारक नाही, अशी त्यांची भूमिका. पुढे त्या चेल्टनमच्या लेडीज कॉलेजात शिकू लागल्या, संस्कृत शिकवू लागल्या. तिथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचा विचार निघाला तेव्हा भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली. अशाने भारतात त्यांचं वजन कमी होईल म्हणे! यावर रमाबाई भडकल्या. एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं, ते दुसऱ्याचं चढवून घेण्यासाठी नाही, हा त्यांच्या उत्तराचा सूर.

शाकाहार त्यांनी सोडला नाही. अंडं घातलेलं पुडिंग खायचं नाही म्हणजे जातीचा अहंकार अजून गेलेला नाही, असं आजीबाईंचं निदान. मनोरमेला इंग्रज मुलीसारखं वाढवू नका, आपण हिंदुस्थानची लेक आहोत हे सांगायची तिला पुढे लाज वाटता कामा नये, हा रमाबाईंचा आग्रह.

आणि मग तो क्रूसाचा वाद. सिस्टर लोक वापरत त्या क्रूसावर लॅटिन अक्षरं असत. रमाबाईंचं म्हणणं, माझ्या क्रूसावर लॅटिन कशाला? संस्कृत हवं. लॅटिन मला येत नाही, माझ्या देशाच्या बायकांना येत नाही. पुढे त्यांनी विचारलं, की ब्राह्मणांना संस्कृत ही देवाची भाषा वाटते, तसं तुम्हाला लॅटिनबद्दल वाटतं की काय?

हे वाचून मी खुर्चीतून उठून खोलीत दोन चकरा मारल्या. परक्या देशात, दुसऱ्यांच्या आश्रयाला, त्यांच्याच पैशावर लेकीला वाढवणारी ही बाई. तिला गप्प बसणं किती सोयीचं होतं! आणि तिने विश्वास टाकून दिला नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. मला नेहमी दोनच बटणं दिसत आली होती, 'मान्य' आणि 'रद्द'. रमाबाई सतत तिसरं काहीतरी करत होत्या.

१८८६ मध्ये त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या, तिथे पुस्तक लिहिलं, व्याख्यानं दिली, पैसा उभा केला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. विधवांची शाळा, प्रत्येकीने आपापला धर्म पाळायला मोकळीक. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, ज्यांच्याशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला.

त्याच १८९३ मध्ये स्फोट झाला. रमाबाई स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी दार लावून घेत नसत आणि काही मुली येऊन बसत. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. रानडे, भांडारकरांसारखे सुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्यांच्या धर्मांतरावर टीका होत होती तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून रमाबाईंची बाजू घेतली होती. पण १८९३ मध्ये फुले हयात नव्हते.

थोडं विषयांतर. या वादावर पुण्यात अग्रलेख पडले कारण रमाबाई चित्पावन होत्या, पंडिता होत्या. नगरकडे अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून होतं आणि तिकडे ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार-मांग समाजातले. आमचे पूर्वज त्यातलेच. त्यांच्या बाप्तिस्म्यावर कुणी अग्रलेख लिहिला नाही आणि त्यांना त्रैक्यावर वाद घालायची फुरसत नव्हती. त्यांना पाणवठा आणि शाळा हवी होती. त्यामुळे रमाबाईंची गोष्ट म्हणजे माझी गोष्ट, असं मी म्हणू शकत नाही. पण प्रश्न विचारण्याची मुभा त्यांच्यापुरती नव्हती, एवढं मी त्यांच्याकडून नक्की घेऊ शकतो.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातल्या उपाशी मुली बघून रमाबाईंना स्वतःचे आई-बाप आठवले. शेकडो मुली त्यांनी केडगावला आणल्या. (आमच्या नगरचं केडगाव नव्हे, पुणे-दौंड लाइनवरचं.) १८९७ च्या प्लेगमध्ये सरकारी दवाखान्यात बायकांचे काय हाल होतात, हे त्यांनी मुंबईच्या वर्तमानपत्रात उघड पत्र लिहून मांडलं. सरकारधार्जिण्या म्हणून हिणवल्या जाणाऱ्या बाईने! १९०० च्या सुमारास केडगावच्या 'मुक्ती'मध्ये दीड हजारावर माणसं होती. शेती, गुरं, विणकाम, छापखाना, सगळं बायकांच्या हातात.

मुक्ती हे मात्र शारदा सदनासारखं तटस्थ नव्हतं. ते उघडपणे ख्रिस्ती होतं. दुष्काळातून आलेल्या भुकेल्या मुलीला कितपत निवड असते, हा प्रश्न मला पडतो आणि त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. १९०५ मध्ये तिथे मोठी जागृती झाली, मुली रडत, मोठमोठ्याने प्रार्थना करत. त्रैक्यावर काटेकोर वाद घालणाऱ्या रमाबाई यात कशा रमल्या, हे माझ्या डोक्याला अजून पचत नाही. त्यांनी स्वतः लिहिलंय की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला पुढे आठेक वर्षं लागली. म्हणजे आजीबाईंशी भांडण चालू होतं ती वर्षं, अमेरिकेची वर्षं, सदनाची पहिली वर्षं, सगळी अर्धवट विश्वासातली! आणि त्यांचं मोठं काम त्याच वर्षांत सुरू झालं. आधी शंका फिटू देत मग बघू, असं त्या थांबल्या नाहीत.

शेवटचं काम बायबलच्या भाषांतराचं. चाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. प्रचलित मराठी बायबल त्यांना खेड्यातल्या बाईसाठी अवघड, संस्कृतप्रचुर वाटत होतं. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या मुक्तीच्याच बायका. काम चालू असताना जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. मुक्तीचा सगळा भार जिच्यावर सोपवायचा होता तीच. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा, मैत्रीण आणि आता एकुलती एक लेक. त्यांना कुणी विचारलं असेल का, बाई, विश्वास कुठे कमी पडला? त्या शेवटच्या दिवसांपर्यंत प्रुफं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर आलं.

विशीत जिने क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत मागितलं, तिने अखेरीस संस्कृतही बाजूला ठेवलं. माझ्या आजीसारख्या बायका ज्या भाषेत देवाशी बोलतात, ती भाषा घेतली.

गेल्या रविवारी चर्चला गेलो होतो. शंका फिटल्या वगैरे काही नाही. बाबांबद्दलचा राग आहे तसाच आहे. मागच्या बाकावर बसलो, गाणी म्हटली, प्रवचनातल्या दोन गोष्टी पटल्या नाहीत त्या मनात नोंदवून ठेवल्या. बाहेर पडताना तेच काका भेटले. म्हणाले, "आज रिलीज नव्हतं वाटतं?"

म्हटलं, "होतं. पुढे ढकललं." आणि मग, जरा घसा साफ करून, "काका, बाबांच्या वेळी तुम्ही जे बोललात ना, त्यावर मला तुमच्याशी बोलायचंय."

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चल, चहा घेऊ."