पेशींची पकड आणि कर्करोगाची वाटचाल

कर्करोगाच्या गाठीला सुरी लागली की रोग अंगभर पसरतो, अशी एक समजूत आपल्याकडे घट्ट रुजली आहे. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये, जिनिंगमध्ये, मोंढ्यातल्या हमालांत ती आम्ही अनेकदा ऐकली. तोंडात न भरणारा चट्टा घेऊन हिंडणारा गडी ह्याच भीतीने ऑपरेशन टाळतो. आणि पुढे मानेत गाठ आली म्हणजे शेजारीपाजारी म्हणतात, चिरफाड केली असती तर आणखी वाईट झाले असते! ह्या समजुतीचा निकाल लावावयाचा तर रोग पसरतो म्हणजे नेमके काय होते, हे पाहिले पाहिजे. आम्ही डॉक्टर नव्हे. वाचनालयात बसून जे समजून घेतले तेवढेच येथे मांडतो.

लंडनचे शल्यवैद्य स्टीफन पॅजेट ह्यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रोग्यांच्या नोंदी तपासल्या. रोग यकृतात आणि हाडांत वारंवार गेलेला, प्लीहेत मात्र क्वचित. रक्त तर सगळीकडेच फिरते. मग असे का? पॅजेट म्हणाले, बी चहूकडे उडते, पण रुजते ते मानवेल त्या जमिनीत. जालन्यासारख्या बियाण्यांच्या गावाला हा दृष्टान्त फोड करून सांगावयास नको. परंतु बी झाडावरून सुटते कसे आणि मातीला धरते कशाने, हे पॅजेट ह्यांना सांगता येईना.

१९०७ साली अमेरिकेत एच. व्ही. विल्सन ह्यांनी समुद्रातला जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून काढला. पेशी सुट्या झाल्या. आणि थोड्या वेळाने आपणच एकमेकींना चिकटून त्यांनी पुन्हा स्पंज उभा केला. पेशीला पकड असते, हे त्यातून दिसले.

आता १९४४ साल. परळला, गिरण्यांच्या भोंग्यांच्या टापूत, टाटा स्मारक रुग्णालय उघडून तीनच वर्षे झाली होती. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठ आलेल्या १,००० रोग्यांचा आढावा एका अमेरिकन नियतकालिकात छापला. तंबाखू चघळणे व ओढणे ह्यांचा ह्या रोगाशी असलेला संबंध त्यांनी डॉ. संघवी व डॉ. राव ह्यांच्यासह १९५५ साली आकडेवारीने मांडला. त्याच नियतकालिकाच्या १९४४ च्याच खंडात डेल कोमन ह्यांचा निबंध आहे. त्यांनी ओठाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील पेशींच्या जोड्या सूक्ष्म सुयांनी ओढून वेगळ्या केल्या, आणि सुई किती वाकते त्यावरून पकड मोजली. निरोगी पेशींपेक्षा रोगट पेशी फारच कमी जोराने सुटल्या. एका निबंधात माणसे मोजली होती, दुसऱ्यात पेशी. रोगाची जात एकच, तोंडाच्या व त्वचेच्या अस्तराची. दोन्ही एकत्र वाचले म्हणजे आमच्या हमालाच्या गालातला चट्टा समजू लागतो.

ही पकड कोणत्या वस्तूची, ते जपानात मासातोशी ताकेइची ह्यांनी १९७७ पासून उलगडले. पेशीच्या आवरणात रोवलेले हे प्रथिन शेजारच्या पेशीवरील तशाच प्रथिनाला धरते, आणि त्यासाठी त्याला कॅल्शियम लागते. म्हणून नाव कॅडहेरिन. (चुन्यातही कॅल्शियम असते, म्हणून तंबाखूत चुना मळणाराने ह्यातून भलता अर्थ काढू नये; चुना तोंडाचे अस्तर जाळतो.) न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात पोटाच्या कर्करोगाने तरुण माणसे पिढ्यान्‌पिढ्या मरत होती. त्या कुटुंबाने स्वतः शास्त्रज्ञांना गाठले, आणि १९९८ साली दोष सापडला तो कॅडहेरिनच्या जनुकात. रोग्यांनीच शोधाची मागणी करावी, हे आम्हांस विशेष वाटते.

शेजाऱ्याची पकड सोडली तरी पेशीला पायाखालची जमीन धरावी लागते. ते काम करणाऱ्या ग्राहींना १९८६ साली इंटेग्रिन हे नाव मिळाले. रिचर्ड हाइन्स, एर्की रुओसलाहती आणि टिमोथी स्प्रिंगर ह्यांना ह्याच कामासाठी २०२२ चे लास्कर पारितोषिक लाभले. इंटेग्रिन बाहेरून तंतूंना धरते आणि आत पेशीला वर्दी देते की पाय टेकलेले आहेत. ती वर्दी थांबली की निरोगी पेशी आपणहून मरते. कर्करोगाची पेशी ह्या बेघरपणातही जगावयास शिकते, आणि नव्या ठिकाणी पुन्हा बिऱ्हाड मांडते.

मुंबईत ही वाट सुटली नाही. १९५२ साली परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले. तेथे डॉ. कमल रणदिवे ह्यांनी पेशी शरीराबाहेर वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली. त्या संस्थेचा वारसा पुढे खारघरला गेला. खारघरच्या संशोधकांनी २००८ साली दाखविले की पेशींचे सांधे बळकट करणारे प्लाकोफिलिन-३ हे प्रथिन कमी केले की चिकटण्याची शक्ती घटते आणि रोगाचा प्रसार वाढतो. २०११ साली तेथल्याच दुसऱ्या गटाने तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींत अल्फा-६ बीटा-४ ह्या इंटेग्रिनच्या निरोपांचा अभ्यास केला. पुढे २०१५ साली अमेरिकेत आढळले की ह्याच इंटेग्रिनचा संबंध रोग फुफ्फुसाकडे वळण्याशी आहे. पॅजेट ह्यांच्या प्रश्नाला सव्वाशे वर्षांनी थोडे उत्तर मिळाले ते असे. औषध मात्र अजून हाती लागलेले नाही: इंटेग्रिनची पकड रोखणारे सिलेंजिटाइड मेंदूच्या कर्करोगावरील मोठ्या चाचणीत २०१४ साली निरुपयोगी ठरले.

मग सुरीचे काय? टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी ह्याचीच परीक्षा केली. तोंडाचा कर्करोग लवकरच्या अवस्थेत, मानेत गाठ हाताला लागत नाही, असे रोगी निवडले. काहींच्या तोंडातील गाठीबरोबरच मानेतल्या रसग्रंथीही काढल्या. इतरांच्या मानेला, गाठ दिसेपर्यंत, हात लावला नाही. २०१५ साली ५०० रोग्यांचा निकाल छापून आला. तीन वर्षांनी पहिल्या गटातले शेकडा ८० जण हयात होते, दुसऱ्यातले शेकडा ६७.५. सुटलेल्या पेशी कित्येकांच्या मानेत सुरी लागण्यापूर्वीच जाऊन बसल्या होत्या. ज्यांच्यावर सुरी अधिक चालली, तेच अधिक जगले.