ऊसपुरवठ्याचा खर्च (इथेनॉल प्रकल्प)

उसाचा रस, पाक किंवा मळीपासून इथेनॉल काढणाऱ्या प्रकल्पाला हंगामभर ऊस खात्रीने मिळावा यासाठी होणारा एकूण खर्च. उसाची किंमत, तोडणी-वाहतूक आणि तोडणी टोळ्यांना आगाऊ दिलेली उचल हे त्याचे मुख्य भाग. महाराष्ट्रात ऊस मिळवण्याची जबाबदारी साखर कारखान्याच्या शेती विभागाकडे असते.

उसाची किंमत कारखान्याच्या हातात नसते. केंद्र सरकारने ठरवलेली एफआरपी (रास्त व किफायतशीर दर) ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत द्यावी लागते. १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे २०२२-२३ मध्ये ३०५ रुपये असलेली एफआरपी २०२४-२५ मध्ये ३४० झाली. रसापासूनच्या इथेनॉलचा खरेदी दर मात्र या काळात लिटरला ६५.६१ रुपयांवरच राहिला. टनभर उसातून साधारण ७० लिटर इथेनॉल निघते. म्हणजे २०२४-२५ च्या एफआरपीने लिटरमागे सुमारे ४९ रुपये उसातच गेले. वाफ, वीज, पगार आणि कर्जाचे हप्ते उरलेल्या रकमेत भागवायचे.

ऊस नोंदवून घेतला तरी तो मिळेलच असे नाही. शेजारच्या कारखान्याने दर चढवला, की नोंदीचा ऊस तिकडे जातो. मग लांबून गेटकेन, म्हणजे कार्यक्षेत्राबाहेरचा ऊस, आणावा लागतो. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून येणाऱ्या टोळ्यांसाठी वाहतूकदार कारखान्याकडून उचल घेतो आणि टोळीच्या मुकादमाला देतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि उचल कोयत्यामागे ठरते. टोळी आलीच नाही तर पैसे वाहतूकदाराच्या अंगावर पडतात. टोळी आली तर मजुरांची उचल हंगामभर राबून फिटते, बऱ्याचदा फिटतही नाही आणि पुढच्या वर्षी कर्ज म्हणून उभी राहते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. ती फार आधी व्हायला हवी होती.

तोडणी-वाहतुकीचा खर्च एफआरपीतून वजा होतो, म्हणजे तो शेतकरीच भरतो. सर्वांना सरासरी कपात लावली, की कारखान्याच्या कुंपणाला लागून शेत असणाराही लांबच्या उसाचे भाडे सोसतो. हे उघड अन्यायाचे आहे. अंतराच्या टप्प्यांनुसार कपात करावी ही शेतकऱ्यांची मागणी योग्यच आहे. शिवाय कोणत्याही हिशेबात न दिसणारा खर्च आहे: फडात टोळीला द्यायची ‘खुशाली’ आणि वाहन भरल्यावर चालकाची ‘एंट्री’. पाणी तुटलेले, तुरे आलेले शेत समोर असताना शेतकऱ्याला नाही म्हणता येत नाही.

सर्वांत मोठी जोखीम धोरणाची. पाऊस कमी झाल्याने साखर अपुरी पडेल या भीतीने ७ डिसेंबर २०२३ रोजी, हंगाम सुरू असताना, केंद्राने रस व पाकापासून इथेनॉल काढण्यास मनाई केली. आठवडाभराने ती मर्यादेसह सैल झाली आणि २०२४-२५ साठी उठली. पण मनाई आली तेव्हा उचली वाटल्या गेल्या होत्या, कर्जावर उभ्या केलेल्या आसवन्यांचे (इथेनॉल प्रकल्पांचे) व्याज चालू होते. मार्च २०२५ मध्ये सहकारी कारखान्यांच्या आसवन्या मका व खराब धान्यावरही चालाव्यात यासाठी व्याज सवलतीची योजना आली. गाळप पाचेक महिन्यांत आटोपते. त्यानंतरही आसवनी चालू ठेवायची तर धान्याचा आधार लागतो.