धाब्यावरची माती

मराठीत आपण नियम धाब्यावर बसवतो. लहानपणी हे ऐकलं की माझ्या डोळ्यांसमोर यायचं : नियम नावाची चार माणसं हायवेवरच्या धाब्यावर खाटेवर बसलीयत आणि शेवभाजीची वाट बघतायत. खरं तर हा घोटाळा मला व्हायला नको होता, कारण माझं सगळं लहानपण धाब्याखालीच गेलं. धाबं म्हणजे घराचं मातीचं सपाट छप्पर. नंदुरबारच्या जुन्या गावातल्या आमच्या घराला ते अजून आहे, म्हणजे मागच्या अर्ध्या भागाला आहे. पुढच्या भागावर पत्रे आले. आता सगळंच घर पाडून तिथे तीन मजली इमारत उभी करायची आहे. त्याच्या कागदावर सात सह्या हव्यात. सहा झाल्या. सातवी माझी.

मी पुण्यात राहतो, तेव्हा जुनी घरं वाचवली पाहिजेत असं मला वाटणं अगदीच स्वाभाविक आहे. घरात राहतात माझे काका. त्यांना आम्ही नाना म्हणतो. नानांचं मत वेगळं का आहे हे कळायला धाबं कसं असतं ते आधी सांगायला हवं.

सागवानी खांब, त्यांवर सरा, सरांवर आडव्या कड्या, कड्यांवर दाटीने बसवलेल्या फळ्या, गरिबाघरी नुसत्या काटक्या. त्यावर चिखलाचा थर, आणि सगळ्यात वर पांढरीची खारट माती. आमच्याकडे तिला नुसतं ‘खारी’ म्हणतात. ती पाणी धरत नाही, भिजली की घट्ट बसते. उजेडासाठी छपरात एक भोक, त्याला सानं म्हणायचं; पाऊस आला की त्यावर पत्र्याचं झाकण किंवा परात. मे महिन्यात नंदुरबारला पारा पंचेचाळिसाच्या आसपास रेंगाळतो, तेव्हा या छपराखाली दुपारी झोप लागते. शेजारच्या स्लॅबच्या घरात पंखा गरम हवा फिरवत बसतो.

पण हे छप्पर एकदा करून सोडून देता येत नाही. दर उन्हाळ्याच्या शेवटी खारी आणायची, घमेल्यांनी वर चढवायची, पसरायची, धुमसाने ठोकायची. पन्हळी मोकळ्या करायच्या. पावसाळ्यात उगवलेलं गवत उपटायचं, नाहीतर मुळांच्या वाटेने पाणी आत. आजीच्या हयातीत हे काम सणासारखं व्हायचं. गल्लीतली पोरं साखळी करून घमेली वर द्यायची, आजी खालून शिव्या आणि चहा दोन्ही देत राहायची. मग पोरं सुरतेला गेली, पुण्याला गेली. मी त्यांतलाच. शेवटच्या दोन-तीन वर्षांत आजी अहिराणीत एवढंच म्हणायची, “आते वर कोन चढी?” आता वर कोण चढणार?

नाना चढायचे. ते आता अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि त्यांचा एक गुडघा बदललेला आहे. मी वारसा, परंपरा वगैरे बोलायला लागलो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “तुला वारसा दिसतो. मला रात्री दोन वाजता कुठं कुठं पातेली ठेवायची ते दिसतं.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाही. पण या मातीच्या मागे लागलो आणि जरा लांब जाऊन पोहोचलो.

गावाची जमीन दोन रंगांची, असं आपले जुने लोक मानत : काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. पांढरी पांढरी का होते? घरं मातीची असतात, पडतात, त्याच मातीवर पुन्हा उभी राहतात. चुलीची राख, शेण, गवत, माणसांचा आणि गुरांचा सगळा वापर तिच्यात मुरतो. शेकडो वर्षांनी तिथे टेकाड तयार होतं. नंदुरबारच्या ईशान्येला तापी आणि गोमाईच्या संगमावर प्रकाशा आहे. ‘दक्षिण काशी’ म्हणून तिथली देवळं सगळ्यांना ठाऊक. पण १९५५ साली पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर तिथे आले ते अशाच एका टेकाडासाठी. त्यांनी खणलं तेव्हा थराखाली थर निघत गेले. सगळ्यात खाली ताम्रपाषाणयुगातली वस्ती, माळवा आणि जोर्वे पद्धतीची रंगवलेली भांडी, म्हणजे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची माणसं. मध्ये खंड पडला, वस्ती उठली, मग लोखंड वापरणारे लोक पुन्हा त्याच जागी येऊन राहिले.

उत्खननाचं वर्णन वाचताना मला आमचं धाबं दिसत राहिलं. आपल्याकडचे लोक खारी आणतात ती जुन्या पांढरीतून, पडलेल्या गढीच्या टेकाडातून. म्हणजे आमच्या डोक्यावर जे छप्पर होतं ते कुणाच्या तरी शे-दोनशे वर्षांपूर्वी पडलेल्या घराचं होतं. इतिहासाच्या दृष्टीने हा गुन्हाच म्हणायचा, टेकाडं अशीच कुरतडली जातात. पण घर म्हणून बघितलं तर हेच आमचं जतन होतं. इमारत टिकवायची कल्पना फारशी नव्हती, माती मात्र वाया जात नव्हती.

म्हणूनच आमच्या शहराचं वय आणि त्याच्या इमारतींचं वय यांचा मेळ बसत नाही. चौदाव्या शतकात, १३४२च्या सुमारास, इब्न बतूता दौलताबादहून खंबायतेकडे जाताना इथून गेला. लहानसं गाव, मराठ्यांची वस्ती, हातच्या कामात तरबेज कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी, अशी त्याची नोंद आहे. पुढे सुरत-बुऱ्हाणपूर या मोठ्या व्यापारी रस्त्यावर गाव होतं, तेव्हा युरोपीय प्रवाशांनीही त्याचा उल्लेख केला. एवढं सगळं कागदावर. गल्लीत फिरून त्या कारागिरांचं एक तरी घर शोधू म्हटलं तर जुन्यात जुनं म्हणून जे दाखवतात ते शंभर-दीडशे वर्षांपलीकडे क्वचित जातं. धुळ्याला इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे. राजवाडे गावोगाव फिरले, वाड्यांच्या माळ्यावर पडलेली दप्तरं त्यांनी मिळवली, म्हणून कागद वाचले. माळे गेले.

बाहेरच्या जगात याच मातीचं काय करतात? आफ्रिकेत माली देशातलं जेन्ने शहर मोबाइलवर शोधून बघा. तिथली मोठी मशीद पूर्ण मातीची, सध्याची इमारत १९०७ची. तिच्या भिंतींतून ताडाच्या लाकडाचे दांडे बाहेर आलेले दिसतील. ते शोभेला तर आहेतच, शिवाय कायमची परातीसुद्धा आहेत. दरवर्षी सगळं गाव जमून त्यांवर चढतं आणि चिखलाचा नवा लेप देतं. पोरं चिखल तुडवतात, बायका पाणी आणतात, गवंड्यांचा मान मोठा. फोटो बघून मी नानांना दाखवले. ते म्हणाले, “आपल्या गल्लीतही हेच होतं, फक्त फोटो काढायला कुणी आलं नाही.”

पण जेन्नेची गोष्ट तिथे संपत नाही. १९८८ साली ते जागतिक वारसा ठरलं, आणि मग तिथल्या लोकांना घरात फरशी बसवायची, दार बदलायचं तरी अडचण यायला लागली. मातीच्या जमिनीवर आम्ही का राहायचं, हा त्यांचा प्रश्न परदेशी पत्रकारांपर्यंत पोहोचला. तो प्रश्न अगदी नानांचा आहे.

नंदुरबार जिल्ह्यात जपायला हवी अशी एक वास्तू कोणती, असं विचारलं तर मी तळोद्याचं नाव घेईन. मल्हारराव होळकरांचा जन्म १६९३चा, नीरेकाठच्या होळ गावातला. वडील लवकर गेले आणि आई पोराला घेऊन भावाकडे तळोद्याला आली. भाऊ म्हणजे भोजराज बारगळ. त्यांच्याकडे मल्हारराव वाढले आणि पुढे मामांची मुलगी गौतमाबाई त्यांची बायको झाली. गौतमाबाई म्हणजे अहिल्याबाईंची सासू. इंदूरच्या राज्याचं माहेर म्हणा की आजोळ, ते तळोद्यात आहे. बारगळ गढी अजून त्याच नावाने ओळखली जाते. २०२५ साली अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षं झाली, केवढे समारंभ झाले, पण नंदुरबार जिल्ह्यातलीच किती मुलं हा धागा सांगू शकतील याची मला शंका आहे.

त्याच घराण्याचं दुसरं टोक बघा. नर्मदेकाठी महेश्वरला होळकरांच्या किल्ल्याच्या आवारात १९७०च्या दशकाच्या शेवटी रेहवा सोसायटी सुरू झाली, बायकांच्या हाती माग आले. महेश्वरी साडी मरायला टेकली होती ती उठली. जुन्या भिंतींच्या आत खटखट आवाज सुरू राहिला. तो आवाज असेल तर कौल फुटल्याचं त्याच दिवशी कुणाच्या तरी लक्षात येतं. गढीला नुसता फलक लावला तर ते पुढच्या पावसाळ्यात कळतं, किंवा कळत नाही.

महेश्वरला राजघराणं होतं. सामान्य माणसाच्या घराचं काय? आपल्याकडे कायदे आहेत. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे, २०२०च्या एकत्रित विकास नियमावलीत राज्यातल्या इतर शहरांसाठीही वारसा इमारतींची तरतूद आहे. अहमदाबादच्या पोळी २०१७ साली जागतिक वारशात गेल्या. तिथे जुनं घर राखणाऱ्या मालकाला, जे मजले त्याने चढवले नाहीत त्यांचा हक्क दुसऱ्या बिल्डरला विकता येतो. कल्पना हुशार आहे. पण तो हक्क घ्यायला मोठ्या शहराचा भाव लागतो. आमच्याकडे गावाबाहेर मोकळे प्लॉट पडलेले असताना तो कोण विकत घेईल, हे मला काही दिसत नाही. आमच्यासारख्या गावाला त्याहून साधी गोष्ट हवी : दर उन्हाळ्यात डागडुजीला थोडे पैसे आणि धाबं करता येणारे दोन गवंडी. नाना म्हणतात, पैसे एक वेळ मिळतील.

गावाने काहीच जपलं नाही असं मात्र नाही. ९ सप्टेंबर १९४२ला शाळकरी पोरांच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला, शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गेले, ती जागा गाव विसरलेलं नाही. पण स्मारक जपणं तुलनेने सोपं. ते रात्री कुणाच्या अंथरुणावर गळत नाही. मला जास्त नवल वाटतं दादा आणि बाबा गणपतींचं. काळ्या मातीची मूर्ती रथावरच घडवायची, आणि तो रथ माणसांनी दोरांनी ओढायचा. मूर्ती विसर्जनाला जाते, पुढच्या वर्षी पुन्हा माती. ते काम अडलेलं नाही, कारण तिथे ‘वर कोण चढणार’ हा प्रश्नच पडत नाही. चढायला रांग असते.

गेल्या महिन्यात मी आठ दिवस घरी होतो. इंजिनिअर येऊन मापं घेऊन गेला. लाकडाचा एक व्यापारीही येऊन गेला, खांबांवर नखाने ओरखडा काढून बघितला आणि घराच्या किमतीहून मला जास्त वाटलेला आकडा बोलला. असे खांब आता रिसॉर्टमध्ये लागतात म्हणे. गल्लीच्या टोकाला एक म्हातारे गवंडी आहेत, त्यांना मी मागचा भाग दाखवला. त्यांनी काठीने सगळ्या सरा ठोकून बघितल्या. दोन बदलायला हव्यात, बाकी लाकूड चांगलं आहे. पुढचा भाग पाडा, तिथे स्लॅब टाका, संडास-मोरी नीट करा, मागचे चार खण ठेवा, असं त्यांचं म्हणणं. खर्चाचा अंदाज त्यांनी माझ्या फोनवर मलाच टाइप करायला लावला. बिल्डर देतो त्यात हा बसत नाही, आणि चुलत भावंडांना दुसरा आकडा आवडलेला आहे.

मी नानांना म्हटलं, मागचा भाग ठेवू, मी दरवर्षी मे महिन्यात येईन, खारी मी चढवीन. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं.

“यंदा चढव,” ते म्हणाले. “मग बोलू.”

खारीची ट्रॉली सांगितली आहे. पाऊस साधारण पंधरा जूनच्या आगेमागे येतो, त्याआधी धाबं ठोकून व्हायला हवं. कागद नानांच्या कपाटात आहे, सातवी रेघ अजून मोकळी. मी ऑफिसात सहा दिवसांची रजा टाकली होती, चार मिळालीय.