लाल चुडा, हिरवा चुडा

शॉमबर्ग आणि आसपासच्या गावांतल्या आपल्या मंडळींना पंजाबी लग्नाचं आमंत्रण आता नवीन राहिलेलं नाही. हॉटेलच्या पार्किंगमध्ये घोडी, ढोल आणि नाचणारी वरात आपण बरेचदा पाहतो. हल्ली आपण नुसते पाहुणे न राहता व्याहीही होऊ लागलो आहोत. माझ्या भाचीचं लग्न शीख घरात ठरलं, तेव्हा "त्यांच्यात नाचगाणंच फार, विधी असे काही नाहीतच," असं घरात कुणीतरी बोलून गेलं. तेव्हापासून मी या लग्नपद्धतीची माहिती जमवू लागलो. त्यातली थोडी वाचकांपुढे ठेवतो.

रोका म्हणजे लग्न पक्कं करणं आणि कुडमाई म्हणजे आपला साखरपुडा. हळदीला ते मैयां म्हणतात आणि अंगाला लावायच्या उटण्याला वटणा. आपल्या सीमांतपूजनाच्या जागी त्यांची मिलनी असते. त्यात काका काकांना, मामा मामांना हार घालून कडकडून भेटतात. आपल्याकडे नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, त्यांच्याकडे मेहुण्या नवरदेवाचे जोडे लपवतात. वसुली दोन्हीकडे सारखीच!

मला सर्वांत जवळचा वाटला तो चुडा. शब्द एकच, फक्त आपला हिरवा आणि त्यांचा लाल-पांढरा. तो आणण्याचा मान नवरीच्या मामाचा. दूध-पाण्यात बुडवून तो हातात भरतात आणि बहिणी-मैत्रिणी त्याला कलीरे बांधतात. आपल्याकडेही नवरीला मांडवात आणतो तो मामाच. तेव्हा दोन्हीकडचा मान माझ्याच वाट्याला आला.

शीख विवाहाचा मुख्य विधी म्हणजे आनंद कारज. वडील नवरदेवाच्या पल्ल्याचं टोक मुलीच्या हाती देतात, जशी आपण उपरण्याची गाठ मारतो. मग दोघं गुरु ग्रंथसाहिबाभोवती चार फेरे घेतात. प्रत्येक फेऱ्याला चौथे गुरु रामदास यांनी रचलेली एकेक 'लाव' आधी वाचतात, मग गातात. जीवाच्या परमेश्वराशी होणाऱ्या मीलनाच्या या चार पायऱ्या आहेत.

पण एकोणिसाव्या शतकात अनेक शीख घरांत लग्नं अग्नीभोवतीच लागत. रावळपिंडीचे निरंकारी बाबा दयाल यांनी, आणि पुढे १८६३ साली नामधारी गुरु रामसिंग यांनी, गुरुवाणीच्या पद्धतीचा पुन्हा आग्रह धरला. अशी लग्नं कायदेशीर का, वारसाहक्काचं काय, असे प्रश्न उभे राहिले. तेव्हा नाभा संस्थानचे टिक्का रिपुदमनसिंग यांनी १९०८ साली विधेयक मांडलं आणि ऑक्टोबर १९०९ मध्ये आनंद विवाह कायदा झाला. नोंदणीची तरतूद मात्र त्यात २०१२ साली आली. तोवर दाखला हिंदू विवाह कायद्याखाली घ्यावा लागे. आपल्याकडे १८७३ साली महात्मा फुल्यांनी भटजीविना सत्यशोधक विवाह लावला, तेव्हाही असाच वाद झाला होता. लग्न कुणी आणि कसं लावायचं, हा प्रश्न दोन्ही प्रांतांनी झगडून सोडवला आहे.

आज परदेशात तो वेगळ्या रूपात समोर येतो. १९४५ साली मान्य झालेल्या शीख रहत मर्यादेनुसार आनंद कारज फक्त शिखांसाठी आहे. काही गुरुद्वारे हा नियम काटेकोर पाळतात, तर काही मोकळीक देतात. आमच्या मुलीला विचारण्यात आलं, "गुरु ग्रंथसाहिबाला मानतेस का?" तिने लावांचा अर्थ आधीच वाचला होता. तिने स्वतःच हो म्हटलं. माझ्या बहिणीच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे आपलं सगळं सुटलं का रे?" तिने मला विचारलं.

तिला मी नामदेवांची आठवण करून दिली. ज्या ग्रंथाभोवती मुलगी फेरे घेणार, त्यात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. पंढरीचा हा भक्त पंजाबात घुमानला राहिला. तिथे आजही त्याचं स्थान आहे आणि २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही तिथेच भरलं. याच ग्रंथाला गुरु गोविंदसिंगांनी १७०८ साली गुरुपद दिलं, ते आपल्या नांदेडला, गोदाकाठी. बहीण बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तरी अंतरपाट धरायचा हं." व्याह्यांनी आनंदाने होकार दिला. सकाळी लावां झाल्या, संध्याकाळी मंगलाष्टका. मुलीने लाल चुड्यापुढे चार हिरव्या बांगड्याही भरल्या.

ज्यांच्या घरी असा योग येईल, त्यांना माझी एवढीच विनंती आहे. शॉमबर्गच्या उत्तरेला पॅलटाईनचा गुरुद्वारा आहे. हॉल धरण्याआधी एखाद्या रविवारी दोन्ही घरच्यांनी मिळून तिथे जावं, कीर्तन ऐकावं, लंगरच्या पंगतीत जेवावं. नियम आणि शंका तिथल्या ग्रंथींना मोकळेपणाने विचाराव्यात. आणि त्या ग्रंथात आपले नामदेव आहेत, हे मुलांना जरूर सांगावं.