पोटातील क्षय आणि कर्करोगाचा धसका

क्षय म्हटला की खोकला आणि थुंकीतले रक्त एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु तो पोटातही ठाण मांडतो, आणि तेथे असे सोंग घेतो की जाणते डॉक्टरही चकतात. ही चकवाचकवी जुनी आहे.

१८६२ साली लंडनचे नामांकित शस्त्रवैद्य स्पेन्सर वेल्स यांनी अंडाशयाची गाठ समजून एका तरुण स्त्रीचे पोट उघडले. आत गाठ नव्हतीच; उदराच्या अस्तरावर क्षयाचे दाणे होते आणि पाणी साचले होते. त्यांनी पाणी काढून पोट शिवले, आणि बाई बरी झाली! मग पुढे कित्येक वर्षे पोट उघडणे हाच या रोगावर उपाय ठरला. गुण कशाने येतो, हे कोणी नीट सांगू शकला नाही. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयजंतू जाहीर केला. स्ट्रेप्टोमायसिन सापडायला मात्र १९४३ साल उजाडले.

औषध आले, सोंग राहिलेच. विशीतल्या मुलीच्या पोटात पाणी होते, अंगात कसर राहते, वजन उतरते. सोनोग्राफीत गाठीसारखे दिसते. रक्तातली 'सीए १२५' ही खूण अंडाशयाच्या कर्करोगात चढते, तशी या क्षयातही चढते. छातीचा फोटो पुष्कळदा स्वच्छ असतो, पोटातल्या पाण्यात जंतू क्वचितच दिसतो. कागदावरचा आकडा पाहून घरात रडारड सुरू होते, गावाकडची जमीन विकायच्या गोष्टी निघतात.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचे वैद्यक वाचनालयातले. पण एवढे आम्हांलाही कळते, की निवाडा तुकड्याने होतो. पाण्यातील 'एडीए'ची तपासणी मदत करते. तरी दुर्बिणीतून पाहून अस्तराचा लहानसा तुकडा काढावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा, कारण दाणे नुसत्या डोळ्यांना दोन्ही रोगांत सारखेच भासतात. तुकड्यावाचून कर्करोग ठरवला, तर पोरीचे अंडाशय नाहक जाते. उलट तुकड्यावाचून अंदाजाने क्षयाच्या गोळ्या दिल्या, तर खरा कर्करोग आत वाढत राहतो; ही दुसरी चूकही लहान नव्हे.

क्षय निघाला तर बहुधा सहा महिन्यांच्या गोळ्या पुरतात, आणि त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. म्हणून असा कागद घेऊन कोणी युनियनच्या कचेरीत आला, की मदतीचा अर्ज लिहिण्याआधी आम्ही विचारतो, "तुकडा तपासला का?"