श्वासाचे मोजमाप

महाराष्ट्राबाहेर जन्मून महाराष्ट्रास ऋणी करणाऱ्यांत स्वामी कुवलयानंदांची गणना करावी लागेल. पूर्वाश्रमीचे हे जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३ साली, गुजरातेत डभोई येथे. बडोद्यास माणिकरावांच्या आखाड्यात त्यांचे शरीर घडले. नर्मदाकाठी मालसरला माधवदासजी महाराजांकडून त्यांना योगविद्या लाभली. परंतु केवळ गुरुवचनावर ते विसंबले नाहीत. क्ष-किरण आणि दाबमापक यांच्या साहाय्याने त्यांनी योगक्रियांची परीक्षा आरंभिली. १९२४ साली लोणावळ्यास ‘कैवल्यधाम’ स्थापून त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकातून ते आपले निष्कर्ष प्रसिद्ध करू लागले.

या परीक्षक वृत्तीचे मोल जुनाट फुप्फुसविकाराने गांजलेल्या मनुष्यास विशेष आहे. प्राणायामाने रोग समूळ जातो, असे त्याला सांगणारे पुष्कळ भेटतात. आजचे वैद्यक निराळे सांगते. अशा रुग्णास श्वास सोडणे अधिक अवघड जाते. हवा आत कोंडून राहते. ओठ आकसून सावकाश सोडलेला श्वास ती कोंडी काहीशी हलकी करतो आणि जिना चढताना लागणारी धाप आवरतो. झिजलेले फुप्फुस मात्र पुन्हा घडवीत नाही. रुग्णाला एवढेच, पण खरे सांगावे. कुवलयानंद १९६६ साली निवर्तले; त्यांनी घालून दिलेला हा परीक्षेचा धडा आजही तितकाच आवश्यक आहे.