भांडुपची कुंपणे आणि मार्जारकुळ

साष्टी बेटाच्या पूर्व अंगाला, एकीकडे ठाण्याच्या खाडीलगतची मिठागरे आणि दुसरीकडे विहार-तुळशी तलावांच्या पाणलोटाचे डोंगर, यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात भांडुप वसले असल्यामुळे येथील परसाला, म्हणजे घरामागच्या राखीव मोकळ्या जागेला, मार्जारकुळातील अनेक प्राण्यांचा शेजार पूर्वापार लाभलेला आहे. घरचे मांजर आणि वाडीतला बोका सर्वत्रच असतात. त्यांखेरीज गवताळ माळावर आणि पाणथळीच्या कडेला वावरणारे रानमांजर, घरच्या मांजराहूनही लहान चणीची व अंगावर तांबूस ठिपके असलेली वाघाटी, आणि या सर्वांचा थोरला भाऊबंद बिबट्या, हे डोंगराच्या अंगाने वस्तीला भिडलेले प्राणी आहेत. पट्टेरी वाघही एकेकाळी या परिसरात होता. १९२९ साली विहार तलावाच्या परिसरात मारला गेलेला वाघ हा साष्टीतील शेवटचा वाघ समजला जातो. परसात मांजर शिरू नये म्हणून काय करावे, हा इतरत्र किरकोळ वाटणारा प्रश्न भांडुपमध्ये म्हणूनच शेर-दीड शेराच्या वाघाटीपासून मणभर वजनाच्या बिबट्यापर्यंत पसरलेला दिसतो, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

उत्तर कोकणातील जुन्या घरांना कुंपण असे, पण ते मांजरासाठी घातलेले नसे. वई, म्हणजे काटेरी झुडपे व जिवंत फांद्या लावून राखलेले कुंपण, हे मुख्यतः गुरे भाजीपाल्यात आणि भातखाचरात शिरू नयेत म्हणून केलेले असे. करवंद, चिलार, सागरगोटा, निवडुंग, मोगली एरंड आणि डोळ्यांत गेल्यास आग करणाऱ्या चिकाचा शेर या वनस्पती त्यासाठी पसंत केल्या जात, कारण त्यांना गुरे सहसा तोंड लावत नाहीत आणि पावसाळ्यात खोचलेली फांदी बहुधा विनासायास जीव धरते. जेथे दगड मुबलक तेथे गडगा, म्हणजे मातीचुन्याशिवाय दगडावर दगड रचून केलेली बुटकी भिंत, घातला जाई. बैलाला आणि शेळीला ही व्यवस्था पुरेशी होती. मांजराला मात्र वईच्या बुडाशी वीतभर फट पुरे होई, आणि गडग्याचा माथा तर त्याला उन्हात बसायला व येण्याजाण्याला आयती वाट देई. एवढेच नव्हे, तर दगडांच्या फटींत राहणाऱ्या उंदरांमुळे गडगा मांजराला बोलावणारीच जागा ठरे.

मांजरापासूनचे खरे संरक्षण त्या काळी हद्दीवर नव्हे, तर ज्या वस्तूवर मांजराचा डोळा असे तिच्याभोवती उभे केले जाई, आणि या दृष्टीने शिंके हे मराठी घरातील सर्वांत सुबक साधन ठरते. काथ्याच्या किंवा सुताच्या तीन-चार दोऱ्या वर एकत्र बांधून त्यांच्या खालच्या टोकांशी विणलेल्या कड्यात दुधाचे, दह्याचे किंवा लोण्याचे मडके बसवावे आणि ते छपराच्या वाशाला अधांतरी टांगावे, इतकीच त्याची रचना. परंतु त्याची जागा निवडताना भिंत, उतरंड, फळी किंवा खांब यांपैकी काहीही मांजराच्या उडीच्या टप्प्यात राहणार नाही याची काळजी घेतली जाई, आणि दोरी बारीक व डोलती असल्यामुळे वरून उतरणाऱ्या प्राण्यालाही तोल सावरता येत नसे. शिंके फार उंच असण्याची गरज नव्हती. त्याच्याकडे जाणारा मार्गच तोडलेला असे. शिंके तुटले आणि बोक्याचे फावले या म्हणीतही दोष दोरीकडे जातो, बोक्याकडे नाही, ही गोष्ट त्या व्यवस्थेवरील विश्वासाची साक्ष मानता येईल. कोंबड्यांसाठी हाच विचार वेगळ्या रूपात दिसतो: दिवसा पिलांवर डालगे, म्हणजे बांबूच्या कामट्यांची मोठी टोपली, पालथे घालीत, रात्री कोंबड्या खुराड्यात कोंडीत, आणि त्या खुराड्याला चारी बाजूंप्रमाणे वरूनही आच्छादन असे. रानमांजर रात्री येते व वरून उतरते हे ज्ञान त्या आच्छादनात साठवलेले आहे.

बिबट्या आणि वाघ यांच्या बाबतीत तर काट्याकुट्यांवर भिस्त नव्हतीच. साष्टी व ठाणे परिसरातील वारली पाड्यांमध्ये वाघोबाची पूजा चालत आलेली आहे. शेंदूर लावलेला दगड किंवा वाघाची आकृती कोरलेली लाकडी फळी हे त्याचे रूप असते, आणि आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वाघबारशीला, गुरांचे व माणसांचे रक्षण करण्याची विनवणी करून त्याला मान दिला जातो. या प्रथेला केवळ भीतीचे प्रतीक मानणे अपुरे आहे. तिच्यात एक प्रकारचा करार गृहीत धरलेला असून, वाघाचा वाटा मान्य करून त्या बदल्यात त्याने आपली मर्यादा पाळावी अशी अपेक्षा ठेवलेली दिसते.

लोहमार्ग आल्यावर कुंपणाचा अर्थ हळूहळू पालटू लागला. मुंबई ते ठाणे रेल्वेची कल्पना १८४३ साली भांडुपला आलेले अभियंता जॉर्ज क्लार्क यांना सुचली, असे रेल्वेच्या इतिहासात सांगितले जाते. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी याच पट्ट्यातून ठाण्याला गेली आणि लवकरच, १८६० मध्ये, विहार तलावाचे कामही पुरे झाले. रेल्वेची आणि पाणलोटाची जमीन आखून बंद करण्याच्या या नव्या गरजेला पुढे काटेरी तारेने हातभार लावला. अमेरिकेतील जोसेफ ग्लिडन यांनी या तारेचे पेटंट १८७४ मध्ये मिळवले होते आणि तिचे पहिले गिऱ्हाईक गुरेवाले होते. म्हणजे वईप्रमाणेच तीही मुळात गुरांसाठीच होती, आणि दोन तारांमधून अंग चोरून जाणाऱ्या मांजराला तिचा अडथळा नावापुरताच होता. भांडुप १९५० साली मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आले आणि कारखाने, बैठ्या चाळी व डोंगरउतारावरील वस्त्या यांनी परसे गिळत आणली, तेव्हा वईच्या जागी पत्रे आणि माथ्यावर बाटल्यांच्या काचा रोवलेल्या विटांच्या भिंती आल्या. या काचांचा धाक चोरांना असेल. मांजर त्यांच्यामधून पाय टाकीत जाते, हे भांडुपच्या कोणत्याही जुन्या गल्लीत दिसते.

पुढचा टप्पा न्यायालयाने घडवला. याच डोंगरांत पसरलेल्या सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील अतिक्रमणांविरुद्ध बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ७ मे १९९७ रोजी आदेश दिला. अतिक्रमणे हटवण्याबरोबरच उद्यानाला सीमाभिंत घालण्याचे काम त्यानंतर टप्प्याटप्प्याने झाले. येथे कुंपणाची दिशाच उलटली, ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पूर्वी माणूस स्वतःच्या परसाभोवती कुंपण घालीत असे, आता जंगलाभोवती घातले गेले, आणि बिबट्या आत राहील अशी अपेक्षा सामान्य माणसाने धरली. भिंतीने नव्या झोपड्यांना काही प्रमाणात आवर घातला असेल, परंतु साधारण तीन मीटर उंच झेपावू शकणाऱ्या आणि झाडावर शिकार ओढून नेणाऱ्या प्राण्याला ती थांबवू शकत नव्हती. २००४ च्या जून महिन्यात उद्यानाच्या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक बळी गेले, तेव्हा हा भ्रम दूर झाला. जुन्नर भागातून पकडून इतरत्र सोडलेल्या बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्या अत्रेय यांनी दाखवून दिले की प्राणी उचलून दुसरीकडे नेल्याने हल्ले कमी न होता वाढू शकतात. २०१५ च्या कॅमेरा-अभ्यासात उद्यान व परिसरात ३५ बिबटे नोंदले गेले, आणि भटकी कुत्री हा त्यांच्या आहाराचा मोठा भाग असल्याचेही दिसून आले. कचऱ्यावर कुत्री जमतात व कुत्र्यांमागे बिबट्या येतो, ही साखळी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी सारखीच चालते.

मांजरकुळाला खरोखर अडवणारे कुंपण कसे असते, याचे उत्तर भारताबाहेर, मांजर हा परका शिकारी ठरलेल्या देशांत शोधले गेले. न्यूझीलंडमधील वेलिंग्टन शहरात झीलँडिया अभयारण्याभोवती १९९९ साली पुऱ्या झालेल्या ८.६ किलोमीटर लांबीच्या कुंपणाची उंची २.२ मीटरच आहे. त्याच्या माथ्यावर बाहेरच्या बाजूला झुकलेली गुळगुळीत धातूची टोपी आणि बुडाशी जमिनीखाली पसरलेली जाळी ही त्याची शक्ती आहे. ऑस्ट्रेलियात जाळीचा वरचा भाग मुद्दाम सैल व बाहेर वाकवलेला ठेवतात, त्यामुळे चढणाऱ्या मांजराच्या वजनाने तो लवतो आणि पंजाला आधार मिळत नाही. शिंक्यामागचे तत्त्व येथे लोखंडात उतरले आहे, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

भांडुपच्या गावठाणात किंवा बैठ्या घरामागे असे कुंपण उभारायचे झाल्यास कामाचा क्रमही त्यातूनच ठरतो. साधारण दोन मीटर उंचीची, बोटभर भोकांची पोलादी जाळी. तिचा वरचा हातभर भाग मांजर ज्या बाजूने चढेल त्या बाजूला पंचेचाळीस अंशांत झुकवलेला व खांबांमध्ये किंचित सैल. खालची कड त्याच बाजूला जमिनीत वीतभर खोल पुरून पसरलेली. आणि कुंपणापासून उडीच्या अंतरात येणारी आंब्याची फांदी, शेजारचा पत्रा किंवा पाण्याची टाकी यांचा बंदोबस्त. यांपैकी शेवटचा भाग सर्वांत अवघड आहे, कारण दाटीच्या वस्तीत छपरे एकमेकांना चिकटलेली असतात, आणि एका घराचे कुंपण दुसऱ्याच्या छपरापुढे निष्प्रभ ठरते. पक्षी किंवा कोंबड्या राखायच्या असल्यास म्हणूनच वरून बंद केलेले खुराडे आजही अधिक भरवशाचे असते. बिबट्याच्या बाबतीत तर बळकट दारे व छप्पर असलेल्या गोठ्याखेरीज पर्याय नाही. घरच्या विजेची उघडी तार ओढणे हा काही ठिकाणी दिसणारा प्रकार माणसांसाठी प्राणघातक आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार बिबट्या व वाघाटी या दोघांनाही सर्वोच्च संरक्षण असल्याने कायद्याच्या दृष्टीनेही गंभीर आहे.

गेल्या काही दशकांत भांडुपच्या उंच इमारतींमध्ये खिडक्यांना ज्या जाळ्या बसल्या, त्यांचा उद्देश आरंभी कबुतरे बाहेर ठेवण्याचा होता. घरात मांजर पाळण्याचे प्रमाण वाढले तसा त्यांचाच उपयोग पाळलेले मांजर आत ठेवण्यासाठी होऊ लागला. नायलॉनची जाळी उन्हाने कमकुवत होते आणि मांजर ती दातांनी कुरतडू शकते, म्हणून या कामासाठी पोलादी जाळी किंवा ग्रील बसवणे श्रेयस्कर ठरते. उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांत घरचे मांजर आत राहिल्याने त्याच्यापासून रानमांजराला व वाघाटीला होऊ शकणारे रोग टळतात, आणि बिबट्याच्या वाटेवर एक सोपी शिकार कमी होते.